प्रश्न पहिला

सांबऱ्याच्या धावपट्टीचं पुस्तक लिहायचं ठरवलं
तेव्हा आधी गणपत गल्लीतून वही आणली.
दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची.
डाव्या पानावर कुणाला भेटायचं,
उजव्या पानावर काय विचारायचं.

माझा अधिकार विचाराल तर
तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले,
एअरमेलच्या पिशव्या वेगळ्या काढल्या.
विमानात अजून बसलेलो नाही.

डावीकडे लिहिलं:
लुमाण्णा जोई, निलजी. पेट्रोलच्या पिंपांवर पहारा.
डावा कान गेलाय, उजव्या बाजूला बसावं.
इनास लोबो, कॅम्प. इंजिनं उघडायचा.
दुपारी चारच्या आत गाठावा,
नंतर बाटली उघडतो.
गंगाधरय्या हिरेमठ, हवामानाच्या नोंदी ठेवत.
बोलणं कन्नडात. मला कन्नड येतं
ते बाजारापुरतं, ढगांपुरतं नाही;
भाच्याला सोबत न्यावं.
आणि तळाशी, पेन्सिलनं,
मल्लव्वा हणबर, बाळेकुंद्री.
दगड वाहिले म्हणे. एवढंच.

कचेरीत चार दिवस गेले.
एकाच शेताचे कागद, तीन लिप्या.
मोडीत जो पायगोंडा
तो कन्नडात पैगौड,
आणि साहेबाच्या टायपिस्टानं त्याचा
पिजन करून ठेवलेला.
विमानतळाच्या फायलीत
सगळ्यात आधी उडाला तो हाच बिचारा,
साडेतीन एकर सोडून.
त्याच्या नातवाकडे गेलो तर सून दारातच म्हणाली,
वकिलाला विचारून सांगतो.
वहीत लिहिलं: पुन्हा जाणे.

उजव्या पानावर अक्षर छान काढलं होतं.
पहिलं विमान कधी पाहिलंत?
पंख किती होते, एकावर एक की एकच जोडी?
रंग? आवाज? कुठल्या दिशेनं उतरलं?
साठ मिनिटांच्या दोन कॅसेट,
सेल नवे, एक जोडी जादा.

मल्लव्वा खरं तर यादीत शेवटची.
पण लोबो गोव्याला गेलेला, बाळेकुंद्रीची बस समोर उभी,
म्हणून चढलो.

ती शेंगा फोडत होती. फोडतच राहिली.
मी बटण दाबलं, घसा साफ केला,
प्रश्न पहिला विचारला.
म्हणाली,
"डोसक्यावर बुट्टी असल्यावर
वर कसं बघूचं रे?"

मी थांबलो. कॅसेट फिरत होती.
"सावली बघिटलो आम्ही.
खडीवरनं आली, पायावरनं गेली.
गार लागली बघ एवढीशी.
मुकादम वर बघत उभा, तोंड उघडं टाकून.
आम्ही त्याच्या तोंडाकडं बघून हसलो,
अर्ध्या दिवसाची मजुरी कापली."

किती मजुरी, ते तिला आठवेना.
किती बायका, ते आठवलं. एकेकीचं नाव घेतलं,
कुणाची कूस, कुणाचा नवरा, कुणाचा पाय ठेचला,
मी लिहीत गेलो,
डावं पान भरलं, मग उजवंही,
प्रश्नांच्या मधल्या मोकळ्या ओळींत.

मध्येच वरून हेलिकॉप्टर गेलं.
ती बोलायची थांबली नाही.
मीही, आता सांगायला लाज वाटते,
वर पाहिलं.

घरी येऊन तेवढा तुकडा अकरा वेळा ऐकला.
पंख्याची घरघर, खाली एका बाईचं नाव,
शेवटी व्वा ऐकू येतं,
पुढचं काही नाही.
नागव्वा, बसव्वा, निंगव्वा, कुणीही असेल.
जागा मोकळी सोडली आहे.

पहिला प्रश्न खोडला.
पंखांचा ठेवलाय, लोबोसाठी.
उद्या निलजी, सव्वानऊची बस.
उजव्या बाजूला बसायचं.